करडईचं तेल प्यालेली कपाटं

मंगळवारी सकाळी दाराला अंगठा लावला आणि रंग अंगठ्याबरोबर निघून आला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा. दुसरं दार बघितलं, तिसरं बघितलं. चौदाच्या चौदा दारांची तीच गत.

मी यासीन. अंबाजोगाईत फर्निचरला रंग-पॉलिश करतो, तीस वर्षं झाली. ही दारं होती सुमनमावशींच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची. मावशी मेडिकलच्या मुलामुलींची मेस चालवतात. मेसच्या पहिल्या कमाईतून त्यांनी ही सागवानी कपाटं करून घेतली होती. मुलगा नितीन पुण्याला नोकरीला. त्याला हे किचन कळकट वाटायचं. येत्या रविवारी तो मॉड्युलरवाल्याला माप घ्यायला घेऊन येणार होता. म्हणजे जुनी कपाटं तोडून बाहेर. त्याआधी एकदा यासीनभाईंचा हात फिरू दे, आवडलं नाही तर खुशाल तोड, एवढंच मावशींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मी पहिल्या दिवशी छाती फुगवून सांगितलं होतं, "मावशी, फिकीर करू नका. नव्यासारखं करतो."

काम तसं सोपंच. सांगाडा दणकट असला की त्याला हात लावायचा नाही. फक्त दारं उतरवायची, घासायची, प्रायमर मारायचा, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, आणि वर रंगाचे दोन हात. हँडल बदलायची. बिजागरीच्या स्क्रूची भोकं सैल झाली असली तर त्यात काडेपेटीच्या काड्या गम लावून ठोकायच्या, स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. नव्या किचनच्या मानाने खर्च किरकोळ.

आणि आता हा रंग हातात आला होता. मी तडक रंगाच्या दुकानदाराला फोन लावला.

"काय बे, डुप्लिकेट माल दिला का?"

"त्याच कंपनीचा डबा रोज विकतोय मी. कुणाची तक्रार न्हाई. तुझ्याच हातात खोट हाय बे," म्हणाला आणि ठेवला फोन.

मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो. मावशी चहा घेऊन आल्या. दारं बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"इतकी वर्सं एवढं तेल पाजलं लाकडाला, तरी रंग धरंना."

कप तोंडाशी तसाच राहिला. "कंचं तेल?"

"करडईचं. दर शनवारी बोळा फिरवते. लाकूड कोरडं पडू नये म्हनून."

"या अल्ला! मावशी, मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं? उलट पयल्या दिवशी चमक बघून वाहवा केली की!"

खरं होतं. ती चमक मी जुन्या पॉलिशची समजलो आणि वरवर काचकागद मारून मोकळा झालो. तेलावर रंग बसत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला लाज वाटली. दुकानदाराला फोन करून माफी मागितली. त्याने चार शिव्या दिल्या, त्या मुकाट ऐकल्या.

मग खरी लढाई. मावशींनी आमटीचं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं, धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं. आम्ही दोघांनी दारं घासली. पिवळं, चिकट पाणी निघत होतं. उन्हात वाळवली, थिनरने पुसली. पुढचं काम म्हणजे कागदाने खरवडणं, चौदा दारं, दोन्ही बाजू. एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

दुपारी मुलं जेवायला आली. काय झालं ते कळलं तशी एका मुलीने बाह्या वर केल्या. "यासीनभाई, पेशंट वाचेल ना?"

"घासलं तर वाचंल, बेटा."

मावशींनी तिथेच फर्मान काढलं, "जेवल्यावर एकेक दार घासल्याबिगर कुनी हलायचं न्हाई!" गुरुवारपर्यंत अंगणात नुसता दंगा. मला तर ईद आल्यासारखं वाटत होतं. घासून झाल्यावर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा एक हात दिला. उरलंसुरलं तेल लाखेखाली अडकून पडतं, वर येत नाही. मग शुक्रवारी, शनिवारी रंग. खाली गडद हिरवा, वर दुधाच्या सायीसारखा. वरची दोन दारं बसवलीच नाहीत. तिथे मावशींच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

रविवारी नितीन आला. सोबत टेप घेतलेला मॉड्युलरवाला. नितीन दारातच थांबला. आत येऊन नखाने रंग खरवडून बघितला. रंग हलला नाही.

मॉड्युलरवाल्याने एक दार उघडलं, बोटांनी वाजवलं. "साहेब, सागवान हाय. ह्ये तोडून मी प्लाय बसवला तर लोक मला हसतील. टेप लावतच न्हाई."

नितीन आईकडे बघून हसला. "राहू दे आई. तुझंच किचन हाय."

मावशी हसता हसता रडायला लागल्या. पदराने डोळे पुसत त्यांनी मॉड्युलरवाल्यालाही ताटावर बसवलं. त्या दिवशी मेसमध्ये पुरणपोळी होती. मी पाच खाल्ल्या.

आता कुठल्याही घरी गेलो की आधी बाईला विचारतो, "ताई, कपाटं कशानं पुसता?" उत्तर मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडत नाही. तीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.