कुमुदचा कढीपत्ता

कुमुदच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी निघाले होते. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पातळ ताकाची बाटली. "वहिनी, पहाटे गेली ती," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं. अशा वेळी तोंडातून 'बरं' कसं निघतं, देव जाणे. मग मी पाच मिनिटं चालत कुमुदच्या घरी गेले आणि रोजच्यासारखं झाडांचं सगळं केलं. ताकही घातलं. आता तीन महिने होऊन गेले, पण ते ताक काही माझ्या डोक्यातून जात नाही.

कुमुद भूल देणारी डॉक्टर. तीस वर्षं माणसांना झोपवण्याचं आणि वेळेवर उठवण्याचं काम तिने केलं. निवृत्त झाली त्याच महिन्यात तिने लंडनच्या पिनर भागातल्या त्या घरातलं डायनिंग टेबल चॅरिटी शॉपला देऊन टाकलं. म्हणाली, दोन माणसांना जेवायला किचन पुरे, ही खोली मला झाडांना हवी आहे. बाहेर बाग होती, पण गुडघे वाकत नव्हते आणि बाहेरच्या गारठ्यात तिला हवी ती झाडं जगली नसती. मग दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीशी फळ्या लागल्या. विणायची सुई गॅसवर तापवून आम्ही दोघींनी दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. नाशिकला बहिणीच्या अंगणातली कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं तिने ओल्या रुमालात गुंडाळून पर्समधून आणली होती. अकरा बिया लावल्या, एक उगवली. मोगरा आला, गवती चहा आला, पण जीव त्या एकावर. इंजेक्शनच्या आधी दंड पुसावा तशी ती ओल्या कापसाने त्याची पानं पुसायची. दर रविवारी सगळ्या कुंड्या थोड्या थोड्या फिरवायची, म्हणजे कोणी एकाच अंगाने वाढू नये.

मूलबाळ नाही म्हणून झाडं, असं आमच्यातलेच काही जण म्हणत. मला ते कधी पटलं नाही. तिला वाढणारी वस्तू बघायला आवडायची, बस. माझ्या हातात झारी दिसली की मात्र ती लगेच टोकायची. "आधी बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत. आतून कोरडं लागलं तरच पाणी. तू ना शैला, पाहुण्यांना आग्रह करतेस तसं झाडांना पाणी पाजतेस." मी हसायचे आणि तिची पाठ वळली की अजून थोडं घालायचे. खोटं कशाला बोलू, घालायचे.

ऑक्टोबरात पोटाचा कॅन्सर निघाला. तिने स्वतःचे रिपोर्ट स्वतः वाचले आणि आम्हाला काही समजावून सांगत बसली नाही. डिसेंबरात हॉस्पिटलमध्ये जायच्या दिवशी फ्रिजवर कागद चिकटवून गेली, प्रत्येक झाडाच्या नावापुढे किती आणि कधी. कढीपत्त्यापुढे होतं: पंधरा दिवसांनी अर्धा कप, ताक नको. मधुकरराव दिवसभर तिच्याजवळच असणार होते, म्हणून किल्ली माझ्याकडे देत दारात म्हणाली, "एवढं एक जगव. घरी यायला काहीतरी निमित्त हवं ना मला." आम्ही दर हिवाळ्यात दोन-अडीच महिने पुण्याला जातो. ह्या वेळी तिच्यासाठी मी तिकिटं रद्द केली. मोठा अभिमान होता मला त्याचा.

नाताळानंतर कढीपत्त्याची पानं पिवळी पडायला लागली. रोज गेले की फळीवर सडा. आठ दिवसांत झाड बोडकं झालं आणि माझं धाबं दणाणलं. अर्ध्या कपाने काय होणार, खोलीत रेडिएटर चालू, तहानेने मरतंय बिचारं... मी रोज पाणी घालायला लागले. मग आठवलं, आमच्याकडे कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, त्याने तो फोफावतो. उन्हाळ्यात तीही घालायची की. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं. तरी ताक घातलं. जानेवारीच्या मध्याला खोड बुडाशी काळं आणि मऊ लागलं, मातीला वास यायला लागला. तरी मी घालतच राहिले.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं, "कढीपत्ता कसा आहे गं?"

"मस्त. हिरवागार आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातून कढीपत्त्याचं पाकीट आणलं, त्यातली एक बरी डहाळी काढली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, बघ, तुझ्या झाडाची. तिने ती नाकाशी धरली. "छान वास आहे," म्हणाली. माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी घरी येताना बसमध्ये सुटल्यासारखी बसले होते. त्यानंतर तिने झाडांचं नाव काढलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तेराव्यानंतर मी मधुकररावांसमोर कबूल केलं, पानं गळली आणि मी झाड वाचवू शकले नाही. ते सरळ माणूस, म्हणाले, "अहो वहिनी, जानेवारीत ते बोडकंच असतं. दरवर्षी. झोपतं म्हणायची ती, एप्रिलमध्ये उठतं. तुम्ही हिवाळ्यात इथे नसता, तुम्हाला कसं माहीत असणार?" मग म्हणाले, "तुम्ही डहाळी आणलीत ना, त्या संध्याकाळी मला म्हणाली, माझं झाड गेलं. शैलाला काही बोलू नका. आता काय, ती तर गेलीच, म्हणून सांगतोय."

लोक म्हणतात, बघ, तिने तुला किती सांभाळून घेतलं. मला नकोय ते. तिने मला झापायला हवं होतं. तीन आठवडे ती त्या पलंगावर पडून होती, परतायचं एक निमित्त होतं, ते मी बुडवलं आणि वर दुकानातली डहाळी देऊन आले. आणि तिने माझाच हात धरला. ह्यातून बाहेर यायला मला वाट दिसत नाही, आणि दिसावी असंही फारसं वाटत नाही.

मधुकररावांनी ती कुंडी मला दिली. माझ्या किचनच्या खिडकीत आहे. आत एक काळी काडी. एप्रिल येऊन गेला. रोज सकाळी चहा ठेवला की मी मातीत बोट घालते, दुसऱ्या पेरापर्यंत. पार आतपर्यंत कोरडं लागतं. मी पाणी घालत नाही.