बावन्नावं पान

मला ते पुस्तक आता वाचवत नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. आमच्यात देव नाकारला तर लोक पाठ थोपटतात, पण हे पुस्तक नाकारलं की म्हणतात, पोरगा विकला गेला. मी विकलो गेलेलो नाही. मला कंटाळा आलाय, आणि कंटाळ्याच्या खाली लाज आहे. तीच सांगायची आहे.

सातवीत असताना शाळेच्या कपाटात, भूगोलाच्या नकाशांमागं मला ते सापडलं. पहिलं पान फाटलेलं. घरी नेलं ते परत केलं नाही, चोरी म्हणा. आमच्यासारख्याच एका माणसानं त्यात स्वतःची हकिकत लिहिली होती. शाळेच्या बाहेर बसून शिकणं, ओंजळीत वरून पाणी घेणं, आणि मधोमध, बावन्नाव्या पानावर, त्याची वस्ती जाळली ती रात्र. तोवर मला वाटायचं पुस्तकात राजे असतात, कोल्हे असतात, आम्ही नसतो. ते पान पहिल्यांदा वाचत होतो तेव्हा आई जेवायला हाका मारत होती. शेवटी तिनं येऊन पाठीत धपाटा घातला तेव्हा मी मान वर केली.

सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद काढून मी त्याला कव्हर घातलं. कॉलेजसाठी औरंगाबादला आलो तेव्हा पत्र्याच्या पेटीत दोन सदरे, एक चादर आणि ते पुस्तक होतं.

नामांतराचे दिवस होते. चिकलठाण्याकडं नवनवे शेड उभे राहत होते, पैठण रोडला कारखान्यांच्या चिमण्या लागत होत्या, आणि विद्यापीठाच्या नावावरून खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जळत होती. पेपरवाले चिमण्या पहिल्या पानावर छापायचे. घरं आत, निविदांच्या शेजारी. मग आमचं आम्ही छापायला लागलो. होस्टेलच्या खोलीत एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र होतं. मी स्टेन्सिल कोरायचो, माझा खोलीतला दोस्त रूळ फिरवायचा. दोघांच्या नखांत कायम काळी शाई.

मला लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. मी पुस्तकासारखं लिहायचो. त्याचा दम, त्याचा संताप, पुढं पुढं तर त्याची वाक्यंच. लोक म्हणायचे, काय लिवतंय पोरगं! मला ते गोड लागायचं. दोस्ताला मात्र कळलं होतं. स्टेन्सिल उजेडाला धरून तो म्हणायचा, "आलं बघ, पान बावन्न! अबे, तुझं कधी लिहिणार?" पुढं होस्टेलात माझं नावच पडलं. मेसमध्ये शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "बावन्न आला, ताट वाढा!"

कंटाळा नेमका कधी आला ते सांगता येत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही नव्या पोरांना खोलीत बसवून पुस्तक वाचून दाखवायचो. मीच वाचायचो. आधी डोळा पुढं असायचा, तोंड मागं. मग तोंड पुढं जायला लागलं. एका रविवारी बावन्नावं पान चाललेलं, समोर दोन पोरं डोळे पुसत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी कागदाकडं बघतच नाही. मी मेसच्या कुपनांचा विचार करत होतो. वाचणं थांबवायचं सोडून मी आवाज चढवला. ज्या पानानं मला माणूस केलं त्याचं मी भजन करून टाकलं होतं.

त्याच सुमाराला मावशी आली. माझी सख्खी नव्हे. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणायचो. कन्नडच्या अलीकडं, फाट्यावरून आत तिचं गाव. घर जळाल्यावर ती पैठण रोडवरच्या चितेगावला भावाच्या खोलीत येऊन राहिली आणि एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली झाडू मारायला लागली. सरकारनं चौकशी लावली होती. तिची हकिकत पत्रकात यावी, चौकशीच्या आधी ती सगळ्या जिल्ह्यात पोचावी असं ठरलं. लिहायचं काम अर्थात माझ्याकडं.

तिनं सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. "पावसाच्या आदी छप्पर शाकारायचं व्हतं. ज्याच्या रानात खुरपायला जायची त्याच्याकडून शिडी मागून आणली. बांबूची. चौथी पायरी मोडल्याली, तिथं बाभळीचं लाकूड तारेनं बांधल्यालं. शिडी भितीलाच व्हती. त्या दिशी सकाळी धा वाजता मानसं आली. म्होरं हाच. त्यानं आदी शिडी काढली. खांद्यावर घेऊन घरी ठिवून आला. मग परत आला आन् काडी लावली."

"बाकीचे कोण होते?"

"बाकीच्यांचं जाऊ दे. ह्याचं सांगते ना. आदी शिडी नेली."

आमचा एक नियम होता: ज्याच्या नावानं पत्रक निघणार त्याला ते आधी वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. म्हणजे कुणाच्या तोंडी खोटं घातलं असं कुणी म्हणू नये. मी पत्रक लिहिलं, चितेगावला गेलो, कारखान्याच्या फाटकासमोर बसून तिला वाचून दाखवलं. सुरुवात अशी होती: "अंधारातून ते आले, त्यांना चेहरे नव्हते." हे वाक्य पुस्तकातलं. शिडी नव्हती. शिडी मला किरकोळ वाटली. एवढ्या मोठ्या अत्याचारात शिडीबिडी कुठं घालायची?

मावशीनं पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "रात म्हणलास का रे?"

"मावशी, ते तसंच लिहायचं असतं. वाचणाऱ्याला भिडतं."

"आसंल बाबा. तू शिकल्याला." आणि तिनं अंगठा पुढं केला. मी त्याला शाई लावली. माझ्याच नखातली शाई ती.

पत्रक लासूर स्टेशनच्या धान्याच्या मोंढ्यापासून कन्नडच्या आठवडी बाजारापर्यंत वाटलं गेलं. लोकांनी ते घरात चिकटवलं. मी खूश होतो.

चौकशीच्या दिवशी मी मावशीबरोबर कचेरीत गेलो. तो शिडीवाला माणूस समोरच्या बाकावर बसला होता, धुतलेलं धोतर, मांडीवर टोपी. मावशीनं सगळं नीट सांगितलं. सकाळचे दहा. शिडी. काडी. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागदांतून आमचं पत्रक काढलं.

"बाई, हा अंगठा तुमचा?"

"व्हय साहेब."

"यात लिहिलंय अंधार होता, कुणाचे चेहरे दिसले नाहीत. आता तुम्ही सकाळ म्हणता आणि नाव घेता. खरं कुठलं?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. "साहेब, ते मी लिहिलंय. त्यांची काही चूक नाही."

"तुम्ही होता तिथं?"

"नाही."

"मग रात्र कुठून आणलीत?"

मागं कुणीतरी हसलं. काय सांगणार होतो? पुस्तकातून आणली म्हणून? बाकावरच्या माणसानं टोपी झटकून डोक्यावर घातली. त्याला उठायची घाई झाली होती.

त्या साहेबांना निमित्तच हवं होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या बाजूचं सत्य नीट ऐकायचंच नाही म्हणून तर त्या खुर्च्या तिथं मांडलेल्या असतात. हे मी सभेत शंभरदा बोललोय, पुन्हा बोलेन. पण निमित्त त्यांच्या हातात कुणी दिलं? मी दिलं, चांगल्या अक्षरात, खाली अंगठा घेऊन. तो माणूस सुटला.

बाहेर एस.टी. स्टँडवर मावशी बाकावर टेकली. मग म्हणाली, "तुला काय वाटलं रे, दिसा जळाल्यालं कमी जळतं?"

मी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलो.

"शिडी तेवढी लिवायची व्हती. कुठून काढलंस ते रातीचं?"

मी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. तिनं खाकी कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाच की मंग." भर दुपारी, गाड्यांच्या घोषणांमध्ये, मी तिला बावन्नावं पान वाचून दाखवलं. या वेळी कागदाकडं बघून वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ह्याच्याकडं रातचेच आले आसतील," ती म्हणाली. "तोंडं दिसली नसतील त्याला. खरं लिवलंय बिचाऱ्यानं. मला दिसली व्हती."

पैठणची गाडी लागली. तिची दुसरी पाळी होती. गेली नाही तर ठेकेदार उद्या दुसरी बाई उभी करणार. धक्के खात ती चढली, मागं वळून पाहिलं नाही. खोलीवर आल्यावर मी तिची हकिकत तिच्याच शब्दांत थेट स्टेन्सिलवर लिहिली, शिडीपासून. दोस्तानं वाचली. या वेळी त्यानं बावन्न म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "आता कुणाला वाटायचं हे?" चौकशी संपली होती. ते स्टेन्सिल यंत्रावर कधी चढलंच नाही.

त्यानंतर मी पुस्तक बऱ्याचदा उघडलं. सवय असते. पुस्तकाचा राग नाही मला. त्यानं त्याचं खरं लिहिलं होतं, मावशीनंच तसा निवाडा दिलाय. पण एकेक ओळ येण्याआधीच मला माहीत असते, आणि माहीत असलेल्या त्या ओळींमागून साहेबांचा आवाज येतो: रात्र कुठून आणलीत? रविवारचं वाचन मी दुसऱ्या एका पोराकडं दिलं. त्याचा आवाज चांगला आहे. पान येतं तेव्हा मी चहा आणायला खाली जातो.

मागच्या महिन्यात कामानिमित्त कन्नडला गेलो होतो. मुक्काम करून सकाळी निघालो आणि परतताना त्या फाट्यावर उतरलो. का, ते सांगता येणार नाही. गावात चालत गेलो. मावशीच्या घराच्या जागी कुणीतरी कडब्याची गंजी रचली होती. पलीकडं त्या माणसाचं घर. त्याची सून धाब्याच्या छपरावर मिरच्या वाळत घालत होती. भिंतीला शिडी लावलेली. बांबूची. चौथी पायरी बाभळीची, तारेनं बांधलेली.

"कोण पाहिजे?" सुनेनं वरून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

पिशवीत पुस्तक होतं. फाट्यावर परत येऊन उभा राहिलो, जीपवाल्याची वाट बघत. सहज हात गेला, पुस्तक उघडलं, तेच पान निघालं. त्याची शिवण तिथंच सैल झाली आहे. "अंधारातून ते आले" एवढं वाचलं आणि मिटलं. समोर रस्ताभर ऊन पडलं होतं. सकाळचे दहा वाजले होते.