गळ्यातली सवत

मैत्रिणीच्या पणजीचा फोटो पाहिला आणि मी जळाले. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वर तो लावलेला. नऊवारी, नथ, एक हात स्टुडिओतल्या टेबलावर, नजर थेट कॅमेऱ्यात. आमच्या महिला गटाच्या पत्रकाला पहिल्या पानावर जुन्या काळातली बाई हवी होती. सगळ्यांनी हीच निवडली. मजकूर मात्र मी लिहायचा!

माझा बाप कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायचा. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यात आमच्या माणसांचं दुःख छापलेलं असायचं, चेहरा कुणाचाच नसायचा. माझ्या पणजीचा एकही फोटो नाही. तिला स्टुडिओच्या खुर्चीवर कोण बसवणार होतं? हिच्या घरी जमीन होती, म्हणून हिला चेहरा मिळाला.

काहीतरी खोट काढायचीच म्हणून मी मोबाइलवर फोटो मोठा केला. मंगळसूत्राखाली चांदीचा छोटा पत्रा दिसला, त्यावर उठवलेली बाई.

"ही कोण?" मी मैत्रिणीच्या आत्याला विचारलं.

"सवत हाय ती. पहिली बायकू मेली की दुसरीला तिचा टाक गळ्यात घालावाच लागायचा. न्हाई तर मेलेली तरास देती म्हनायचे."

"आणि असली प्रथा गळ्यात घातलेल्या हिला आपण पहिल्या पानावर घ्यायचं?" मी मैत्रिणीवर उखडले.

"जळतेस ना? सरळ बोल की."

"जळतेच. पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही."

"निदान पहिलीचा चेहरा तरी राहिला त्यात," ती म्हणाली.

आत्या हसली. "कुठला गं! सोनाराकडं साचा एकच. समद्या मेलेल्या बायकांचं त्वांड त्येच."

"नाव काय त्या पहिलीचं?" मी विचारलं.

"थोरली."

"आणि फोटोतल्या हिचं?"

"धाकली. आमी तरी तेवढंच ऐकलंय."

त्या संध्याकाळी मी मजकूर लिहिला: 'या फोटोत दोन बायका आहेत. एकीचं तोंड सोनाराने ठरवलं. नाव दोघींचंही कुणी ठेवलं नाही.'

मैत्रिणीने वाचून पाठवलं, "तुझ्या पणजीबद्दलही दोन ओळी टाक की."

टाकणार होते. पण दुसऱ्याच्या पणजीच्या पायाशी माझी पणजी बसवायला हात धजेना. पत्रक तसंच छापून आलं. तळवड्याच्या कंपनीच्या गेटवर मी ते वाटलं, फोटोची बाजू खाली, मजकुराची वर करून.