मुशीच्या कालवणाचं दूध

लेक झाली त्या वर्षी मला इतकं दूध यायचं की तिचं पोट भरूनही उरायचं. छातीत गाठी धरायच्या, कणकण यायची. सासूबाई म्हणायच्या, हा मुशीच्या कालवणाचा गुण. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. वास उग्र, पण आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला ती खायला घालतातच. उरलेलं दूध मी पिळून न्हाणीत ओतून द्यायची आणि दर वेळी जिवाला लागायचं.

अलिबागला लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "चौलच्या एका वाडीतलं बाळ आहे, दिवस भरायच्या आधीच झालेलं. आईला दूध येत नाही, पावडर त्याला पचत नाही. देशील का?" मी लगेच हो म्हटलं. त्यांनी माझं रक्त तपासलं, बाटल्या कशा उकळायच्या आणि फ्रीझरमध्ये कशा ठेवायच्या ते शिकवलं. खरं सांगते, मला त्या दिवशी मिरवावंसं वाटलं होतं.

पहिली बाटली न्यायला बाळाची आजी स्वतः आली. बागायतदारांचं घर, शाकाहारी. बाई अंगणातच उभी राहिली. पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. म्हणाली, "दूध देताय तोवर मासेबिसे बंद ठेवा. आमच्या बाळाच्या पोटात तसलं काही जायला नको." अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरीने गाढवालाच आधी आंघोळ करून यायला सांगितलं. पण बाळाचं वजन किती कमी आहे ते माझ्या कानावर आलं होतं, म्हणून मी मुकाट्याने मान डोलावली.

सासूबाई मात्र भडकल्या. "म्हावऱ्याबिगर दूध येनार कुठनं? आभालातनं? आनि आपल्या पोरीनं काय करायचं, सांग."

त्यांचं खरं ठरलं. मटकी आणि वरणभात माझ्या घशाखाली उतरेना. जेवण तुटलं तसं दूधही आटत गेलं. आधी लेकीला पाजायची आणि उरेल ते बाटलीत. बाटल्या अर्ध्या जाऊ लागल्या. तेव्हा बाळाच्या आईचा फोन आला. मी तिला पाहिलंही नव्हतं. "ताई, दूध कमी का येतंय? त्याला पुरत नाही हो." मी कारण सांगितलं. ती हुंदके देत म्हणाली, "तुम्ही मासे खा. पोटभर खा. आमच्या सासूबाईंना मी कळू देणार नाही." त्या रडण्यावर मी विश्वास ठेवला.

घरात पुन्हा मुशी शिजली. बाटल्या भरल्या. बाळ अंगाला लागलं. त्याच्या आईने फोटो पाठवला, गाल वर आले होते. सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "आपलाच हाय आता त्यो पन." दोन्ही पोरं माझ्यावर वाढताहेत याचा मला गर्व झाला होता, आणि का होऊ नये?

मग एका दुपारी आजी न सांगता आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. नातवाचं वजन वाढल्याचे पेढे. चुलीवर कालवण रटरटत होतं आणि वास अंगणाबाहेर गेला होता. बाईने नाकाला पदर लावला. पेढे घेऊन तशीच परत गेली.

संध्याकाळी बाळाच्या वडिलांचा फोन आला. आवाज सभ्य, अगदी बँकेतल्या माणसासारखा. "उद्यापासून दूध नको. होत्या त्या बाटल्या आम्ही ओतून टाकल्या. तुम्ही आम्हाला फसवाल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "तुमच्या बायकोला विचारा."

"तिला विचारलं," तो म्हणाला. "तिला यातलं काहीच माहीत नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण फोन बंद झाला होता. तिला त्या घरात राहायचं आहे, हे मला कळत होतं. कळलं म्हणून राग काही गेला नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, हे निदान समजण्यासारखं असतं. इथे गरजही सरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात लेकीला लस टोचायला गेले. दवाखान्यात समोरच्या बाकावर ती आजी बसली होती. तिच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर एक बाळ होतं. फोटोवरून मी त्याला ओळखलं. गाल पुन्हा बसले होते. त्याच्या तोंडाला बाटली लावली की ते मान फिरवायचं आणि किंचाळायचं. लेक माझ्या खांद्यावर पोट भरून झोपली होती, पण त्या रडण्यासरशी माझा पान्हा फुटला. ब्लाउज भिजला, पदर भिजला. मी उठून त्याच्या आईपुढे उभी राहिले आणि हात पुढे केले. तिने माझ्या ओल्या पदराकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

"कोण आहे गं ही?" सासूने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि बाटली पुन्हा त्याच्या तोंडात कोंबली.