पापड ऐकणारे तात्या

भाजलेला पापड ते डाव्या कानाशी धरत, डोळे मिटत आणि दोन बोटांनी कट्‌कन मोडत. मग बराच वेळ गप्प. आजूबाजूला बायका पदराशी चाळा करत उभ्या असत. शेवटी डोळे उघडून ते निकाल सांगत, "बोलतो." नाहीतर, "बोलत नाही." मोडलेले तुकडे शेजारी जो असेल त्याच्या हातावर ठेवून देत. स्वतः खात नसत, कारण तोंडात औषधालाही दात नव्हता.

पापड चाखणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. ऐकणारा हा मी एकच पाहिला आणि नेमका तो माझ्या वाट्याला आला.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचे नातू आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत, ते भांडायला येतील, आणि मी यापुढे भांडणार नाही असं डॉक्टरांना कबूल केलं आहे. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. घराणं जुनं मुंबईकर. गिरगावातली आमची वाडी एके काळी त्यांच्या पणजोबांची होती. पणजोबांनी ती घालवली, आजोबांनी उरलेली घालवली, वडील कारकून झाले आणि तात्या कारकून म्हणून निवृत्त झाले. तळमजल्यावरच्या एका खोलीत ते आमच्यासारखेच भाड्याने राहत. पण काळा कोट घालून, छत्री टेकत अंगणात आले की नळावरची भांडणंसुद्धा थांबत. जमीन गेली होती, जमीनदाराची मान तेवढी शिल्लक होती.

चाळीला गच्ची एकच आणि वाळवणं करणारी घरं सव्वीस. म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीची वाटणी होई. प्रत्येक घराने आपला पहिला पापड भाजून आणायचा, तात्यांनी तो ऐकायचा आणि खडूने रेघा मारून जागा द्यायची. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच ती मोडत नव्हती.

मी मालवणकडची. आमचे हे छापखान्यात बाइंडर होते. त्यांच्या पगारात दोघांचं भागे, तिसऱ्याचं भागलं नसतं, आणि तिसरं येऊ घातलं होतं. मी उडदाचे पापड करून दारोदार विकायला लागले. माहेरी आम्ही फणसाचे, तांदळाचे पापड करायचो, ते रखरखीत उन्हात. उडदाचे इथे येऊन शिकले, तेही एका शेजारणीच्या चुका बघून. पीठ कुटताना हाताला फोड यायचे. डबा कमरेवर घेऊन खेतवाडीपासून ठाकुरद्वारापर्यंत जिने चढायचे. पापड घेणाऱ्याला लसणाची चटणी फुकट. फुकटाची सवय लागली की गिऱ्हाईक सुटत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या पाडव्याला मी पापडासोबत चटणीही नेली. पापड तात्यांनी कानाशी मोडला.

"बोलत नाही," ते म्हणाले. "जागा टाकीमागे."

मी तिथेच पेटले. "अहो, नीट ऐका तरी! कट्‌कन आवाज झाला की!"

"चटणी मात्र उत्तम आहे," बोट चाटत ते म्हणाले, आणि पुढच्या घराकडे वळले.

पाण्याच्या टाकीमागची जागा म्हणजे गच्चीचा अंदमान. सकाळी घटकाभर कोवळं ऊन, मग दिवसभर सावली. टाकीसमोरची भर उन्हाची जागा मिळाली कांताबेनला. ती तांदळाचे खिचिया करायची. तिचा पापड म्हणे बोलत होता.

असं चार वर्षं चाललं. "बोलत नाही, टाकीमागे, चटणी मात्र उत्तम." कष्ट माझे पापडात आणि कौतुक फुकटच्या चटणीचं! पापड माझे हातोहात खपत होते. गिऱ्हाइकं नाव काढत. पण आमच्या चाळीत शब्द तात्यांचाच, आणि तो शब्द मला काही केल्या मिळेना. मी कोळशाच्या पाटीवरसुद्धा दोन तुकडे जास्त घेतल्याशिवाय उठत नसे. इथे समोरचा माणूस भावच सांगत नव्हता, घासाघीस करणार कशाशी?

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आमची पोरं पाढ्यांच्या आधी शिकली. मुंबई कुणाची, यावर प्रत्येक जिन्यात एक सभा. अख्खा महाराष्ट्र एक करायला निघालेल्या आमच्या चाळीला गच्चीवर एक रेघ मात्र सरळ सोसत नव्हती. कुणाची कुरडई कुणाच्या हद्दीत वीतभर सरकली, यावरून दोन मजल्यांचं जाणंयेणं बंद होई.

त्या थंडीत एकदा मोर्चावर लाठीमार झाला. माणसं गल्लीत शिरून वाट दिसेल तिकडे पळत होती. मी डबा पोटाशी धरून एका दुकानाच्या पायरीवर चिकटले होते. बघते तो रस्त्याच्या मधोमध तात्या! छत्री टेकत, सावकाश, पोलिसांच्या दिशेने. मागून शंभर माणसं ओरडताहेत, "म्हातारबुवा, पळा!" तात्या ढिम्म. पोलीससुद्धा त्यांना वळसा घालून गेले.

संध्याकाळी चाळीने त्यांना हार घातला. "ही खरी निधडी छाती!" कुणीतरी म्हणालं. तात्यांनी मान तुकवून हार घेतला.

मी मात्र दुसरंच पाहिलं होतं. रस्त्यात धावत जाऊन त्यांची बाही मीच ओढली होती. डाव्या बाजूने चार वेळा हाक मारली, शिव्यासुद्धा घातल्या. त्यांना पत्ता नाही. बाही ओढल्यावर दचकून उजवा कान वळवत म्हणाले, "कोण? काय झालं?"

डावा कान ठार बहिरा होता, उजवाही वळवून धरल्याशिवाय चालत नव्हता. आणि पापड ते डाव्या कानाला लावत!

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. चार वर्षं! चार वर्षं एक बहिरा माणूस माझा पापड बोलत नाही म्हणत होता.

पाडवा आला. त्याच सुमारास माझ्या आयुष्यातला पहिला मोठा सौदा जमत आला होता. मुगभाटातल्या एका खानावळवाल्याने दहा दिवसांत पाचशे पापड नमुन्यादाखल मागितले होते. पसंत पडले तर वर्षभर तो माझ्याकडूनच घेणार. मग डबा घेऊन जिने चढणं संपणार होतं. बाळ आता तीन वर्षांचा होता, दिवसभर शेजारी ठेवावा लागे. मला ऊन हवं होतं. सावलीत घाणा वाळायला दोन-दोन दिवस जात, उन्हात एका दिवसात दोन निघाले असते. असा माझा हिशेब.

गच्चीवर सगळी चाळ जमली. तात्यांनी कांताबेनचा खिचिया डाव्या कानाशी धरला, डोळे मिटले. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तात्यानू, तुमच्या धोतराक आग लागली हा!"

तात्यांनी शांतपणे पापड मोडला. "बोलतो," ते म्हणाले.

आधी पोरं हसली, मग बायका, मग सगळी गच्ची. तात्या उजवा कान वळवून विचारत राहिले, "काय झालं? काय म्हणाली?" कुणीतरी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खडू कठड्यावर ठेवला, छत्री घेतली आणि जिना उतरून गेले.

मी लोखंड तापलं असताना सोडणारी नव्हे. तिथेच ठोकलं, "मुंबई महाराष्ट्राची ना? मग मुंबईतलं ऊन कुणाचं?" टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर महाराष्ट्राशी त्या उन्हाचा काही संबंध नव्हता, पण घोषणा हाताशी तयार होती, वापरली. आज लाज वाटते. कांताबेन माझ्या बाळाला खिचिया भरवणारी बाई. तिने भांडण केलं नाही. आपली चादर गुंडाळत म्हणाली, "ले ना बेन, जागा तुझी. पण सांभळ, उडीदला कडक ऊन नको. छाया जोईए."

आता सौद्यात समोरचा माणूस तुमच्या भल्याचं सांगायला लागला की काय समजायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, अस्सं! मला सावलीत ठेवायचंय काय! आणि तीनशे पापड भर उन्हात पसरले.

दुपारी वर गेले तर चादरीवर जणू कौलं पडली होती. एकेक पापड कडेने वळलेला, मधून तडकलेला. उचलला की हातात दोन तुकडे. तिकडे गच्चीचंही तेच झालं होतं. तात्या नाहीत, रेघा नाहीत. सव्वीस घरांच्या चादरी एकमेकींवर चढलेल्या आणि दोन बायका एका परातीची दोन टोकं धरून उभ्या.

मी तडकलेला पापड घेऊन थेट तात्यांच्या दारात गेले. ते बाजेवर बसले होते. मी उजव्या बाजूला गेले.

"किती वाकले?" त्यांनीच विचारलं.

"सगळे."

"वाकलेला पापड सरळ होत नाही. नव्याने पीठ भिजव. सावलीत वाळव, शेवटी कोवळं ऊन दाखव. माझी आई तसंच करायची."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि त्याच्या दुप्पट वेगाने राग चढत होता. "म्हणजे टाकीमागची जागा..."

"उडदाला गच्चीवर तेवढी एकच जागा चांगली."

"मग चार वर्षांत एकदा तसं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू घासाघीस केली असतीस," तात्या म्हणाले. "आणि जागा चांगली आहे असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथे दहा दावेदार. वाईट म्हटलं म्हणून तुझ्याकडे राहिली."

"आणि हे कानाचं सोंग?"

"अगं, मी म्हणालो असतो की उडीद सावलीत आणि तांदूळ उन्हात, तर सव्वीस घरांनी सव्वीस मतं दिली असती. कान म्हणाला की कुणी वाद घालत नाही. कानाशी काय वाद घालणार?"

मला न विचारता माझं भलं केलं होतं! सौद्यात एवढी मोठी फसवणूक माझी कुणी केलेली नाही. तरी मी दारातून हलले नाही. खानावळवाल्याला द्यायला सहाच दिवस उरले होते, आणि टाकीमागे आता तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने पथारी टाकली होती.

"वर चला," मी म्हणाले.

"बहिऱ्याचं तिथे काय काम?"

"हात जोडू का?"

"सगळ्यांसमोर जोडशील?"

हा मात्र भाव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या चाळीसमोर मी हात जोडले, आणि कांताबेनची माफीही मागितली, तात्यांच्या भावात ती नव्हती तरी. कांताबेन म्हणाली, "चल हट, गांडी." म्हणजे वेडी. मग तात्यांनी माझा जुना, शिल्लक राहिलेला पापड त्याच डाव्या कानाशी धरला. तो कान बहिरा आहे हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कट्.

"बोलत नाही," तात्या म्हणाले. "टाकीमागे."

कुणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने मुकाट्याने आपली पथारी उचलली. तात्यांनी खडू घेऊन रेघा मारल्या आणि तासाभरात सव्वीस घरं आपापल्या हद्दीत गेली. बहिऱ्या कानाचा न्याय आम्हाला चालत होता. न्यायच नसणं मात्र एक दिवससुद्धा चाललं नव्हतं.

सहाव्या दिवशी पाचशे पापड खानावळीत पोचले आणि पसंत पडले. तडकलेले तीनशे वाया गेले नाहीत. तात्यांना भेटायला शीवहून आलेल्या त्यांच्या सुनेने मला ते भाजून, चुरून, कांदा-खोबरं आणि तिखट घालून दह्यात कालवायला शिकवलं. दात गेल्यापासून तात्या घरी पापड तसाच खात. खानावळवाल्याने तेही मागून घेतलं, पण या वेळी फुकट नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्या उन्हाळ्यात तात्यांचा मुलगा त्यांना शीवला आपल्या घरी घेऊन गेला. चाळीवर दिव्यांच्या माळा होत्या, आणि खाली टॅक्सीत त्यांची वळकटी चढत होती. पुढच्या पाडव्याला मी शीवला गेले. सोबत नव्या घाण्याचा पहिला पापड होता, ताजा भाजलेला, पुठ्ठ्याच्या खोक्यात सांभाळून नेलेला.

तात्या खुर्चीत बसून होते. बरेच वाळले होते. सवयीने त्यांनी पापड डाव्या कानाकडे नेला. मी मनगट धरलं.

"आज हा कान नको. उजव्याने ऐका. आणि खरं सांगा."

त्यांनी पापड उजव्या कानाशी नेला. डोळे मिटले. कट्.

मी वाट पाहत उभी. खानावळी मिळाल्या होत्या, दुकानाची बोलणी चालली होती, आणि मी त्या एका शब्दासाठी ताटकळले होते.

तात्यांनी डोळे उघडले. "चटणी नाही आणलीस?"

मी तडक वळले. "येते मी," म्हटलं आणि चपला घालायला दाराशी गेले. सून जवळच उभी होती. तुकडे घ्यायला तिने सवयीने हात पुढे केला. तात्यांनी तो हात बाजूला सारला. एक तुकडा तोंडात ठेवला आणि मऊ होईपर्यंत तसाच धरून बसले. मग दुसरा उचलला.