हवेसाठी किती द्याल?

प्रश्न मूळ इंग्रजीत होता. मराठी मी केलं, पप्पांना दोनदा वाचून दाखवलं, तरी ते सरकारी नोटिशीसारखंच राहिलं: "स्वच्छ हवेसाठी आपलं कुटुंब दरमहा किती रक्कम देण्यास तयार आहे?"

अर्थशास्त्रात एम.ए. केल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं काम. जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत, त्यांचा धूर अडवायला कडेने झाडांचा दाट पट्टा लावायचा होता. निधी एका बाजूलाच पुरेल एवढा. एकीकडे व्यापाऱ्यांची कॉलनी, दुसरीकडे माझ्या आत्याची वस्ती. हवेला बाजारभाव नसतो, म्हणून लोकांनाच विचारायचं, आणि जिथे आकडा मोठा येईल तिथे झाडं. परीक्षेत या पद्धतीवर मी चांगलं उत्तर लिहिलं होतं.

कॉलनीत काम अर्ध्या दिवसात झालं. एका मारवाडी घरातले काका म्हणाले, "दोनशे लिहून टाक बेटा." मला ताक दिलं आणि पुन्हा फोनवर बोलू लागले.

वस्तीत आत्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. शेजारणी जमल्या. मी मान खाली घालून प्रश्न वाचला.

"परत वाच गं," आत्या म्हणाली.

वाचला.

"म्हंजे धूर त्यांनी सोडायचा आन् खर्चा आम्ही द्यायचा?"

"खरंच द्यायचे नाहीत, आत्या. समजा द्यावे लागले तर, असं विचारतात."

"मंग त्यांनाच इचार ना समजा म्हणून. मी दिवसातून तीनदा अंगण झाडून राह्यली. हिच्या लेकराचा खोकला जात न्हाई. ह्याचे किती देता, म्हणावं."

"इंग्लिश शाळेत गेल्ती ना वहिनी तुमची भाची," शेजारीण म्हणाली, "तिकडं उलटंच शिकवत असतील."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवशी वस्तीतून एकजात शून्य आलं. शेऱ्याच्या रकान्यात मी प्रत्येकीचं कारण तिच्याच शब्दांत लिहिलं. रात्री ते वाचताना मला थोडा अभिमानही वाटला.

आठवड्याने, ही पाहणी ज्यांच्यासाठी करत होते त्या पुण्याच्या सरांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की वस्तीचे फॉर्म बाद. स्वच्छ हवेची किंमतच वाटत नसेल तर ते खरं शून्य, ते मोजतात. पण प्रश्नच मान्य नाही म्हणून शून्य सांगितलं, तर ते निषेधाचं शून्य. ते काढून टाकतात. "तुमच्या शेऱ्यांमुळे हे कळलं, छान लिहिलेत," सर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. पुस्तकातही तसंच आहे, मीच त्याखाली रेघ मारली होती. शेरे लिहिले नसते तर शून्यं मोजली गेली असती आणि झाडं तरीही कॉलनीकडेच गेली असती. आकडा मिळत असेल तर पुन्हा जाऊन या, म्हणाले.

मी गेले. आत्याला सगळं सांगितलं. आकडा दिला नाही तर झाडं पलीकडे जातील, हेही.

"तुझी नोकरी जाईल का?" तिने विचारलं.

"नाही. झाडं जातील."

"मंग पाचशे लिही."

"पाचशे, आत्या?"

"कोणी घ्यायला येणार न्हाई म्हणलीस ना? मंग कंजूषी कायला करायची?"

शेजारणींनीही पाचशे सांगितले. एकीने विचारलं, पलीकडच्यांनी किती सांगितले? ते सांगायची मला परवानगी नव्हती. "मंग माझे सहाशे लिही," ती म्हणाली. या वेळी शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला. तसं करताना बरं वाटलं नाही, पण झाडांचा विचार केला.

फॉर्मच्या पहिल्या पानावर प्रत्येकीची मजुरी मीच भरली होती. कमाईच्या मानाने आकडा फार मोठा असेल तर तो अवास्तव समजून वगळायचा, असा नियम आहे. सगळे वगळले गेले.

कॉलवर बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून दोन ओळींचा मेल केला. सर, मग या बायकांनी काय उत्तर द्यायला हवं होतं? प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यांनी लगेच कळवलं, अहवालात 'पाहणीच्या मर्यादा' या भागात घेऊ. अहवाल आला तेव्हा मी आधी तोच भाग उघडला. एक वाक्य होतं: एका वस्तीतून वापरण्याजोगी माहिती मिळाली नाही.

झाडं कॉलनीच्या बाजूला लागली. आत्याला सांगायला मी गेले.

"पाचशे कमी पडले का?" ती म्हणाली.

"जास्त झाले."

मी थट्टा करतेय का, हे बघायला तिने वर पाहिलं. मग शेजारच्या दारांकडे तोंड करून एकेकीला हाक मारली. "इकडं या गं. ही काय म्हणून राह्यली ते ऐका." आणि मला म्हणाली, "बस. तूच सांग सगळ्यांना. माझ्या तोंडून कोणाला पटायचं न्हाई."

बायका हात पुसत येऊ लागल्या. सुरुवात कुठून करायची, मला कळत नव्हतं.