साळुंखेबाईंचं यंत्र

साळुंखेबाईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. हातात खडू, बाकांमधून येरझारा, अन् तोंडानं सारखं, "पुढं? मग पुढं काय?" बाई मूळच्या मिरजेच्या, नोकरीपायी आमच्या कडेगावाकडच्या गावात आलेल्या. घटकाभर एका जागी थांबायचं म्हटलं तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा. देवळाचा ओटा दिसला की त्यावर त्रिकोण काढतील, एस.टी.ची वाट बघणाऱ्या म्हातारीलाही कोडं घालतील. आता बाई नाहीत, पण त्यांच्या त्या धांदलीनं मला अजून स्वस्थ बसवत नाही.

रविवारी शाळेला कुलूप. ते बाईंना सोसेना, म्हणून त्यांनी पोरं गुऱ्हाळावर गोळा केली. गणिताला कोण येतंय? पण गरम गुळाला सगळे येतात! कोडं सोडवायचं, मगच गूळ. हळूहळू गूळ राहिला बाजूला, पोरंच एकमेकांना कोडी घालून हमरीतुमरीवर यायला लागली.

बाईंच्या भावानं मुंबईत कॉम्प्युटर पाहिला होता. आमच्या गावात तो कुठला यायला? मग बाईंनी आमच्यातलंच एक पोर यंत्र केलं. त्याला ठरावीक हुकूमच कळायचे: पाऊल टाक, डावीकडं वळ, उजवीकडं वळ, उडी मार, थांब. बाकीच्यांनी हुकूम देत त्याला उसाच्या चरकापासून गुळाच्या कढईखालच्या चुलाणापर्यंत न्यायचं. यंत्रानं स्वतःची अक्कल चालवली की बाद! यंत्र खांबाला थडकलं की बाई ओरडायच्या, "त्याला काय हसताय? सांगणारा कोण, तो पुढं या!"

तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला होता. सातवी संपत आलेली, कुंडलचं स्थळ चालून आलेलं, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळा पुरे असं ठरवून टाकलेलं. आबा पलटणीतून हवालदार होऊन आलेले. घरात त्यांच्या शब्दापुढं कुणाचा शब्द चालत नसे.

एका रविवारी ते थेट गुऱ्हाळावर आले. नेमकी मीच यंत्र होते.

"घरी चल. पावनं आल्यात."

मी हलले नाही. आबांचा पारा चढला. "ऐकू येत न्हाई व्हय गं?"

"आवं आबा, ती आत्ता यंत्र हाय," बाई मध्ये पडल्या आणि त्यांनी हुकूम सांगितले. "ह्यातलंच सांगा, मग येईल."

पण हुकूम म्हटल्यावर आबांमधला हवालदार जागा झाला. "पाऊल टाक! पाऊल टाक! उजवीकडं वळ!" मिशीतल्या मिशीत हसतसुद्धा होते. मला रस्त्याला लावायच्या नादात मधला पाण्याचा पाट त्यांच्या ध्यानातच आला नाही. मला दिसला. आबा म्हणाले, "पाऊल टाक!" मी टाकलं, आणि कमरेइतक्या पाण्यात धपकन पडले.

आबांनी धोतरासकट उडी घेतली. "आगं, पाणी दिसलं न्हाई तुला?"

"दिसलं की. तुमी सांगितलं म्हणून टाकलं पाऊल."

आबा पाण्यातच उभे राहिले. काठावरून बाई म्हणाल्या, "आबा, तुमी सांगाल तिथं जाईल ती. पावनं बसल्यात घरी. नीट बघून सांगा."

वाटेभर आबा मनगट दुखेपर्यंत माझा हात धरून चालले. दारात पाहुण्यांच्या वहाणा दिसल्या तसे थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तूच सांग, काय करायचं?"

"शिकायचंय मला."

आबा ओल्या धोतरानंच आत गेले आणि पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, "पोरीला इचारलंय मी. ती न्हाई म्हणतीया."